मुलांची माहिती, संगणकाचे निर्णय आणि घरातली वही : पालक-शिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दहावीचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे मी कळव्यातल्या आमच्या शाळेच्या संगणक कक्षात बसून अकरावी प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करतो, आणि दरवर्षी पालकांच्या तोंडून एकच वाक्य ऐकतो : "सर, सिस्टीमने दिले नाही." पाऊस पडला नाही असे सांगावे तशा सुरात ते सांगितले जाते. सिस्टीमच्या पोटात मात्र दोनच गोष्टी असतात, आपण किंवा शाळेने कधीतरी भरून दिलेली माहिती आणि त्या माहितीवर चालणारे, कोणीतरी ठरवून लिहिलेले नियम. माहिती चुकली असेल तर ती दुरुस्त करता येते, नियम समजला तर अर्ज नीट भरता येतो आणि नियमच अन्यायाचा असेल तर त्याबद्दल दाद मागता येते. या तिन्ही गोष्टी संगणकाचे शिक्षण नसलेल्या पालकालाही जमतात, हे मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्यासाठी काय करायचे, ते येथे क्रमाने सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. 'क्लाउड' म्हटले की माहिती कुठेतरी हवेत तरंगते असे अनेकांना वाटते. कळव्याहून विटाव्यामार्गे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलात, तर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या इमारती, उभी आहेत. भिंती आहेत, पहारा आहे, विजेची बिले आहेत. माहितीला जागा असते, मालक असतो आणि तिच्यासाठी उत्तरदायी माणूसही असतो. आपण त्या माणसापर्यंत कसे पोहोचायचे, हाच या लेखाचा विषय आहे.

पायरी पहिली : एक वही करा

दोनशे पानी साधी वही घ्या आणि प्रत्येक मुलासाठी तिचे वेगळे भाग पाडा. पानावर चार रकाने आखा : माहिती कोणाकडे आहे, कोणती माहिती दिली, कोणत्या तारखेला दिली आणि दुरुस्तीसाठी कोणाला भेटायचे. पहिली नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरची, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मुलाची नोंद होते त्या नोंदवहीची करा, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो आणि पुढची जवळजवळ सगळी कागदपत्रे त्या दाखल्याच्या आधाराने तयार होतात. त्यानंतर विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारी राज्याचे 'सरल' आणि केंद्राचे 'यूडायस प्लस' ही पोर्टल, आधार, आणि काढले असेल तर 'अपार', म्हणजे विद्यार्थ्याच्या गुणांच्या नोंदी एकत्र जोडणारा ओळख क्रमांक. यूडायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला अकरा अंकी कायम शिक्षण क्रमांक मिळतो. अपार क्रमांक बारा अंकी असतो. आधारही बारा अंकीच असल्यामुळे अर्जात एकाच्या जागी दुसरा क्रमांक टाकला जाण्याची चूक मी वारंवार पाहिली आहे. म्हणून दोन्हींची पाने वेगळी ठेवा आणि आधारचे फक्त शेवटचे चार अंक वहीत लिहा. वही हरवली तरी नुकसान होता कामा नये.

सरकारी नोंदी संपल्यावर खासगी नोंदी घ्या. शाळेची बस कुठे आहे ते दाखवणारे ॲप, फी भरण्याचे ॲप, खासगी क्लासचे चाचणी ॲप, वाढदिवसाला भेट मिळेल म्हणून भरलेले फॉर्म अशी यादी बहुतेक घरांत पान ओलांडून जाते. आमच्या घरी ती अठरा नोंदींची झाली. त्यांतल्या एका नोंदीने मला चांगलाच धडा दिला. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये सोडतीचे कुपन म्हणून मुलीचे नाव, इयत्ता आणि माझा मोबाइल क्रमांक मी स्वतःच्या हाताने लिहून दिला होता, आणि ती आठवीतून नववीत गेली त्याच आठवड्यात एका क्लासचा फोन आला : "नववीचे गणित अवघड जाते ना?" इयत्ता एकदाच सांगितली होती. पुढची वर्षे त्यांनी मोजली.

पायरी दुसरी : नाव सगळीकडे एकसारखे करून घ्या

हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्या पायऱ्यांत सर्वाधिक फळ याच पायरीचे मिळते. माणसाला 'ज्ञानदा' हे नाव इंग्रजीत डी-एन-वाय-ए असे लिहिलेले दिसले काय किंवा जी-वाय-ए असे लिहिलेले दिसले काय, मुलगी एकच हे कळते. संगणक अक्षराला अक्षर लावून पाहतो आणि जुळले नाही की 'मिसमॅच' म्हणून मोकळा होतो. गेल्या जूनमध्ये अशीच एक मुलगी आईबरोबर आली होती. आईने पिशवीतून तीन कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी होते, आधारवर स्वतःचे नाव आधी होते, आणि जातीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात 'राव' जोडलेले होते. तिन्ही कागद खरे आणि मुलगीही समोर उभी, तरी पडताळणीत अर्ज अडकला होता. आईने कागद पुन्हा पिशवीत ठेवले नाहीत. दुपारी शाळेचे कार्यालय बंद होईपर्यंत ती तेथेच बसून राहिली.

असे होऊ नये म्हणून सातवी-आठवीतच सगळी कागदपत्रे शेजारी-शेजारी ठेवा आणि नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख या पाच नोंदी एकेक अक्षर वाचून तपासा. एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने बोट ठेवून पाहावे, कारण एकट्याच्या नजरेतून चूक निसटते. जनरल रजिस्टरमधील चूक मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून, आवश्यक तेथे शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होते, आणि मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंत हे काम बरेच सोपे असते. शाळा सोडल्यावर त्याच कामासाठी कितीतरी अधिक हेलपाटे पडतात. आधारमधील बोटांचे ठसे आणि छायाचित्र वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करणे बंधनकारक आहे. पंधरावे वर्ष नेमके दहावीच्या तोंडावर येते, म्हणून त्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. त्यामुळे मोठ्या भावंडाचा क्रम वेगळा आणि धाकट्याचा वेगळा, असे घरोघरी होणार आहे. धाकट्याचा अर्ज मोठ्याच्या अर्जावरून उतरवून काढू नका.

जुळणीचा हा प्रश्न एका मुलापुरता राहत नाही. महाराष्ट्रात शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे ते संच मान्यतेत ठरते, आणि त्यासाठी आधार पडताळणी झालेली विद्यार्थिसंख्या धरली जाऊ लागल्यापासून अनेक शाळांना त्याची झळ बसली आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला तीस विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे मूळ प्रमाण आहे. ज्या मुलाचे आधार जुळत नाही ते मूल रोज बाकावर बसते, पोषण आहार घेते, वर्गात हात वर करते, आणि शिक्षक मोजण्याच्या वेळी मात्र गणतीत येत नाही. अशी काही मुले कमी झाली की एक पद जाते आणि उरलेल्या सगळ्या मुलांच्या वाट्याला गर्दीचा वर्ग येतो. म्हणून आधार दुरुस्तीसाठी शाळेने निरोप पाठवला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही अट मला स्वतःला अन्यायाची वाटते, आणि ती बदलावी यासाठी शिक्षकांनी बोलत राहिले पाहिजे; पण ती बदलेपर्यंत मुलांचे नुकसान आपल्या हातून होऊ नये.

खासगी शाळांतील शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज भरणाऱ्यांना आणखी एक सूचना. त्या अर्जात घराची जागा नकाशावर खूण करून दाखवावी लागते आणि घरापासून शाळेचे अंतर त्या खुणेवरून ठरते. पारसिकच्या उतारावरच्या वस्तीत किंवा मुंब्र्याच्या दाट गल्ल्यांत पत्ता टाकून नकाशावर घर सापडत नाही, आणि घाईत खूण भलत्याच रस्त्यावर राहते. आपल्या दारात उभे राहून मोबाइलवर ठिकाण पाहा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि अर्ज कोठेही बसून भरला तरी खूण त्या स्क्रीनशॉटशी ताडून घ्या. पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत अंतर चुकीचे निघाले, तर लॉटरीत लागलेला प्रवेशसुद्धा रद्द होऊ शकतो.

पायरी तिसरी : अकरावीचा नियम चिठ्ठ्यांवर चालवून पाहा

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया आपल्याकडे मुंबई महानगर प्रदेशात आधीपासून होती; २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ती संपूर्ण राज्याला लागू झाली. विद्यार्थ्याने जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यायचे आणि गुण, आरक्षण व पसंतीक्रम यांवरून संगणकाने जागा वाटायची, असे तिचे स्वरूप आहे. या वाटपाचा गाभा समजायला संगणक लागत नाही. मी वर्गात चार मुलांना उभे करतो आणि फळ्यावर तीन महाविद्यालये लिहितो : 'क' मध्ये एक जागा, 'ख' मध्ये दोन, 'ग' मध्ये दोन.

सायलीला ९४.२ टक्के आहेत, अथर्वला ९२.६, रेणुकाला ९१.८ आणि सलमानला ८७.४. सायली आणि अथर्व यांनी चिठ्ठीवर क, ख, ग असा क्रम लिहिला. सलमानने ख, ग लिहिले. रेणुकाला मनातून 'ख' हवे होते, पण घरच्यांनी सांगितले, "आधी मिळण्यासारखे लिही," म्हणून तिने ग, ख, क असा क्रम लावला. आता नियम चालवू. सर्वाधिक गुणांच्या मुलाची चिठ्ठी आधी उघडायची आणि तिच्या क्रमातील पहिली मोकळी जागा त्याला द्यायची. सायलीला 'क' मिळाले. अथर्वच्या वेळी 'क' भरलेले होते, म्हणून त्याला 'ख' मिळाले. रेणुकाच्या चिठ्ठीवर पहिले 'ग', तेथे जागा होती, ते तिला मिळाले. सलमानला 'ख' मिळाले.

येथे वर्गात नेहमी गलका होतो, कारण ९१.८ वाल्या रेणुकाला हवे असलेले महाविद्यालय ८७.४ वाल्या सलमानला मिळालेले असते. मग मी रेणुकाला चिठ्ठी बदलायला सांगतो : क, ख, ग. पुन्हा नियम चालवला की 'क' भरलेले, 'ख' मध्ये एक जागा शिल्लक, ती रेणुकाला, आणि सलमान 'ग' मध्ये जातो. 'क' पहिले लिहिल्याने रेणुकाची 'ख' मधली संधी तसूभरही कमी झाली नाही. त्याच फेरीत वरची पसंती मिळाली नाही तर खालच्या पसंतीचा विचार तेवढ्याच गुणांवर होतो. स्वप्नातले महाविद्यालय वर लिहिण्याचा कोणताही दंड नसतो. दंड असतो तो उलट वागण्याचा, कारण नियमित फेरीत पहिली पसंती मिळाली की तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते आणि तो न घेतल्यास विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. दुसरी किंवा त्याखालची पसंती मिळाली तर तो प्रवेश घेण्याचा किंवा पुढच्या फेरीची वाट पाहण्याचा पर्याय राहतो. म्हणून पहिल्या जागेवर असे नाव लिहा जे मिळाले तर आनंदाने जाल, आणि त्याच्याखाली आवडीच्या उतरत्या क्रमाने नावे लिहीत जा. शेवटच्या दोन-तीन जागा मात्र गुणांच्या मानाने सहज मिळतील अशा महाविद्यालयांना द्या.

चिठ्ठ्यांचा खेळ आणखी एक गोष्ट दाखवतो. पहिल्या वेळी 'ख' चा कट-ऑफ ८७.४ होता, दुसऱ्या वेळी ९१.८ झाला, महाविद्यालय तेच, जागा त्याच, गुणही तेच. कट-ऑफ म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. तो कोणी आधी ठरवत नाही. सगळ्यांच्या चिठ्ठ्या मिळून तो तयार होतो. मागच्या वर्षीचा कट-ऑफ हा अंदाजासाठी ठीक आहे, पण त्याला 'या महाविद्यालयाची पात्रता' समजू नका. प्रत्यक्षात प्रवर्गनिहाय आरक्षण, इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतील मुलांसाठी), अल्पसंख्याक आणि व्यवस्थापन कोटा यांच्या जागा वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे चार मुलांचा खेळ हजारोंचा झाला की गुंतागुंत वाढते, तरी गाभा हाच राहतो. जोड्या लावण्याच्या अशाच प्रश्नाची उकल डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडली होती, आणि शॅप्ली व ॲल्विन रॉथ यांना या विषयातील कामासाठी २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नववी-दहावीच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. आपला प्रवेश ठरवणाऱ्या गोष्टीमागे गणित आहे, आणि ते गणित आपल्यालाही येऊ शकते, हे कळल्यावर त्यांचा चेहरा बदलतो.

पायरी चौथी : नियमालाच प्रश्न विचारायला शिका

माहिती अचूक असूनही नियमच अन्याय करतो, याचे उदाहरण इंग्लंडने २०२० मध्ये पाहिले. करोनामुळे बारावीच्या दर्जाच्या ए-लेव्हल परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी आणि विद्यार्थ्यांचा वर्गातील क्रम घेऊन एका गणिती सूत्राने अंतिम श्रेणी ठरवण्यात आल्या. शाळेचे आधीच्या वर्षांतील निकाल त्या सूत्रात मोठा वाटा उचलत होते. १३ ऑगस्टला निकाल लागला आणि सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपेक्षा खाली आल्या. ज्या शाळेचा निकाल पूर्वी साधारण लागत असे, तेथील हुशार मुलगा आपल्या शाळेच्या इतिहासाखाली दबला; उलट अगदी लहान गटांसाठी शिक्षकांची श्रेणीच धरली गेल्याने, लहान तुकड्या असलेल्या खासगी शाळांना त्याचा फायदा झाला. मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला तो निकाल मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य कराव्या लागल्या.

आपल्याकडे आता अनेक क्लास आणि ॲप 'एआयच्या मदतीने तुमच्या मुलाचा कल सांगतो' किंवा 'अंदाजित गुण सांगतो' असे म्हणतात. असा अहवाल हातात आला की तीन प्रश्न विचारा. हा निष्कर्ष माझ्या मुलाच्या कोणत्या उत्तरांवरून काढला? त्याची तुलना कोणत्या मुलांशी केली, मराठी माध्यमाची मुले त्यांत होती का? निष्कर्ष चुकीचा वाटला तर तो तपासणारा माणूस कोण? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर तो अहवाल बाजूला ठेवा. मूल गणितात 'कमकुवत गटात' आहे असे पडद्यावर वाचल्यावर आई-वडिलांच्या बोलण्यात फरक पडतो, आणि तो फरक मुलाला लगेच कळतो. वर्गशिक्षकांशी दहा मिनिटे बोलण्याआधी असा अहवाल मुलाला दाखवूही नका.

पायरी पाचवी : संमती देताना वाचा, दिल्यावर नोंदवा

पालकसभेत अपारचे संमतिपत्र हातात येते आणि बहुतेक जण सही करून पुढच्या बाकावर सरकवतात. अपार ऐच्छिक आहे, संमती पालकाने द्यायची असते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. गुणपत्रिका व श्रेयांक एका ठिकाणी डिजिलॉकरला, म्हणजे कागदपत्रे ठेवण्याच्या सरकारी ॲपला, जोडले जातात हा त्याचा उपयोग खरा आहे, आणि मी स्वतः मुलीसाठी संमती दिली आहे. पण आधी कागद घरी आणला, वाचला आणि तारीख वहीत लिहिली. शाळेत प्रवेश देताना आधारची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. कोणी अडवलेच तर या निकालाची तारीख सांगा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

खासगी ॲपांसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपल्या बाजूचा आहे. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि त्याच्या वागण्यावर पाळत ठेवणे किंवा त्याला नेमून जाहिराती दाखवणे यास मनाई आहे. मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. शैक्षणिक संस्थांना शिक्षणकार्य आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती काही सूट आहे, त्यामुळे शाळेची बस कुठे आहे ते पाहता येईल. बसच्या ॲपने मुलाला शिकवणीची जाहिरात दाखवणे मात्र या सवलतीत बसत नाही.

कायदा पूर्ण लागू होण्याची वाट न पाहता मोबाइलमध्ये आजच काही गोष्टी करता येतात. सेटिंगमध्ये जाऊन मुलाच्या प्रत्येक शैक्षणिक ॲपच्या परवानग्या उघडा. चाचणी घेणाऱ्या ॲपला ठिकाण, मायक्रोफोन आणि संपर्क यादी कशासाठी हवी, याचे पटण्यासारखे उत्तर नसेल तर ती परवानगी बंद करा. ॲप चालेनासे झाले तर ती पुन्हा देता येते. गोपनीयता विभागात जाहिरात ओळख, म्हणजे जाहिरातदार ज्यावरून आपला मोबाइल ओळखतात तो क्रमांक, पुसून टाकण्याची सोय असते, ती वापरा. व्हिडिओंच्या ॲपमध्ये आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा. मुलाला याचे कारण समजावे म्हणून एक प्रयोग करा : घरातले दोन मोबाइल शेजारी ठेवून त्यांवर एकच शब्द शोधा, समजा 'प्रकाश संश्लेषण', आणि खाली सुचवलेले व्हिडिओ ताडून पाहा. एकावर धडे येतील, दुसऱ्यावर कदाचित क्रिकेट येईल. काल काय पाहिले त्यावर आज काय दिसते ते ठरते, हे मुलाला व्याख्यानापेक्षा त्या दोन पडद्यांवरून लवकर उमगते.

पायरी सहावी : लेखी विचारा

तोंडी विचारलेल्या प्रश्नाला "वरून आले आहे" हे उत्तर मिळते. लेखी अर्जाला पोच मिळते. अर्ज छोटा ठेवा : "माझ्या पाल्याची कोणती माहिती, कोणत्या पोर्टलवर किंवा कंपनीकडे, कोणत्या कारणासाठी दिली आहे, ती किती काळ ठेवली जाईल आणि तीत दुरुस्ती करण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा, हे लेखी कळवावे." आवक क्रमांक घ्या आणि वहीत लिहा. शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेकडून उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ वापरता येतो. शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते लागत नाही आणि उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो दीडशे शब्दांच्या आत असावा, म्हणून आधारचा प्रश्न आणि संच मान्यतेचा प्रश्न एका अर्जात घालू नका. विनाअनुदानित खासगी शाळेबाबत शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे असलेली माहिती त्या कार्यालयाकडूनच मागा.

एकट्याने जाण्यापेक्षा वर्गातील चार-पाच पालकांनी मिळून एक अर्ज दिला तर उत्तर लवकर येते. पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा विषय घेता येतो, आणि आमच्या शाळेत तो घेतल्यावर फीच्या ॲपमधून मुलांच्या जन्मतारखेचा रकाना निघाला, कारण तो कशासाठी आहे हे कोणालाच सांगता आले नाही.

वही वर्षातून तीनदा उघडावी : जूनमध्ये इयत्ता आणि तुकडी बदलल्यावर, दिवाळीच्या सुटीत ॲपांच्या परवानग्या पाहण्यासाठी आणि जानेवारीत दहावीच्या मुलांची नावे बोर्डाच्या नोंदीशी ताडण्यासाठी. जी ॲप वापरात नाहीत त्यांतील खाते आधी पुसा, मग ॲप काढा. नुसते ॲप काढल्याने खाते आणि त्यातील माहिती तशीच राहते. पुसल्याचा संदेश आला की त्या नोंदीवर आडवी रेघ मारा आणि तारीख टाका.